तिसरी झील

सन दोन हजार अकरा. माझं वय बावन्न. आपली कथा लिहिणारे शिकलेले लोक वाढत्या वयाच्या प्रकरणात शाळा लिहितात, गुरुजी लिहितात, मारलेल्या छड्या लिहितात. माझी शाळा चौथीत सुटली आणि तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही लहानाचे मोठे कधी झालात असं मला कोणी विचारलं तर मी बावन्नाव्या वर्षी झालो असं सांगतो. माझी बायको शेवंता म्हणते, तेव्हाही पुरते नाही झाले. म्हणो बापडी. मी ते प्रकरण आधी लिहितो, कारण त्याच्या आधीचं सगळं मी स्टेजवर इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यात खरं किती आणि गमतीसाठी घातलेलं किती, हे आता मलाच कळत नाही. हे मात्र मी कुठं सांगितलेलं नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, पोरगी पाहायला सोयरे येतात, उसाच्या आणि सिंगाड्याच्या राशी लागतात, आणि दुपारी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, उभी राहते. उभ्यानं करायची म्हणून खडी. आमच्या पार्टीत डफ आणि गाणं माझ्याकडं, तुणतुणं आणि झील माझा धाकटा भाऊ मोतीराम याच्याकडं. झील म्हणजे काय ते सांगतो. शायर ओळ म्हणतो आणि तिचं शेवटचं टोक मागचा माणूस वरच्या आवाजात उचलतो, ती झील. पहिली झील मागच्याची. दुसरी पण त्याचीच. तिसरी लोकांची. तिसऱ्या वेळेला शायरानं डफ डोक्याच्या वर धरायचा, तोंड मिटायचं, आणि समोर बसलेल्या गावानं म्हणायचं. बाया म्हणतात, म्हातारे म्हणतात, उसाचं कांडं तोंडात धरलेलं पोरगंही म्हणतं. हजार तोंडांतून आपली ओळ परत येते तेव्हा पायाखालची फळी हलते. ज्यानं ते अनुभवलं नाही त्याला मी काय सांगू?

आसगावचे आमचे उस्ताद, ज्यांच्यापाशी मी तेराव्या वर्षापासून डफ शिकलो, त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्या पार्ट्या पाळत. तिसरी झील आली नाही तर शायरानं डफ खाली ठेवायचा. रागवायचं नाही, दुसरं गाणं धरायचं नाही, माईकवर बोलायचं नाही. डफ ठेवायचा आणि स्टेज उतरायचं. उस्तादांनी असं होताना उभ्या जन्मात एकदा पाहिलं होतं. त्या शायराचं नाव मी पुष्कळदा विचारलं. ते सांगत नसत. नुसते पानाचा विडा दुसऱ्या गालात सरकवत.

माझं एक गाणं होतं, मीच जोडलेलं. सासरी निघालेल्या पोरीला बाप म्हणतो,

बोडीच्या पाळीवर थांब माझे बाई,
धानाले निसवा आला, तुले कायची घाई.

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, आणि निसवा म्हणजे धानाची लोंबी पोटातून बाहेर येते तो काळ. "तुले कायची घाई" ही झील. हे गाणं जुना भंडारा जिल्हा अखंड होता तेव्हापासून मी म्हणत होतो. जिल्हा तुटला, आमची अर्धी गावं गोंदियात गेली, तरी तिकडच्या मंडईतही याची झील पहिल्याच वेळेला उठायची, तिसऱ्याची वाट कोणी पाहत नसे. दिघोरीत, म्हणजे आमच्या गावात, काशीबाई नावाची शेजारीण होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती तर झील नाकातून असं काही लांबवायची की पोरं तिची नक्कल करत. मला त्या गाण्याचा गर्व होता. आजही आहे. त्यात लपवायचं काय?

नागपूरचे एक साहेब सीडी काढायचे. त्यांनी मला एका मंडईत ऐकलं आणि दोघा भावांना नागपूरला नेलं. काचेची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. समोर माणूस नाही, कुत्रं नाही. मी दोन झिलींनंतर डफ वर धरला आणि उभा राहिलो. काचेपलीकडून साहेबांनी हात हलवला.

"काय झालं? थांबलात काहून?"

"तिसरी झील लोकाईची राहते, साहेब. इथं कोण घेईल?"

साहेब हसले. म्हणाले, "यांचाच आवाज चार वेळा एकावर एक लावू. लोक वाटतील." आणि मोतीरामला चार वेळा तेच म्हणायला लावलं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, मी एकटाच गाव झालो गा." आम्ही दोघं हसलो. संत्र्याची बर्फी घेऊन घरी आलो. महिन्यानं सीड्यांचा खोका आला. वरच्या कागदावर माझा फेटा बांधलेला फोटो, आणि खुद्द सीडीच्या गोल चकतीवरसुद्धा माझंच तोंड. माझं नाव, शायर हरी, मोठ्या अक्षरात. मोतीरामचं नाव मागच्या बाजूला, बारीक, "साथसंगत" या शब्दाखाली. मी ते वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं नाही.

आता लाखनीचं सांगतो. दोन हजार अकराच्या त्या पावसाळ्यात मी खताच्या कामानं लाखनीला गेलो होतो. हायवेवर ट्रक थांबलेले, चहाच्या टपऱ्या, आणि एका ट्रकच्या केबिनमधून माझा आवाज. बोडीच्या पाळीवर थांब माझे बाई. ट्रकवाला तर भाषेवरून दूरचा दिसत होता. मी छाती काढून त्याला म्हणालो, हा मी आहे. त्यानं माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा? सामने की दुकान से भरवाया." समोर दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, चिप भरून मिळेल. मोबाईलमधल्या मेमरी कार्डाला आमच्याकडं चिप म्हणायचे.

दुकानदार दिनकर, तिशीचा, अंगानं बारीक. मला पाहिलं आणि काउंटरखालून वाकून बाहेर आला, माझ्या पाया पडला. "शायर! माह्या दुकानात शायर! बसा, बसा. अरे, चहा सांग रे कटिंग." त्यानं खुर्ची पुसली. मग संगणक दाखवला. माझी सगळी गाणी तिथं होती. सीडीतली होतीच, पण जी मी कधी रेकॉर्ड केली नव्हती तीही होती. हा माणूस सात-आठ वर्षं माझ्या मंडईत मोबाईल हातात धरून स्टेजसमोर उभा राहत होता, आणि ते सगळं त्यानं नेटवर टाकलं होतं. जगातला कोणीही माणूस ते उतरवून घेऊ शकत होता.

"आपले लोक पुण्याले कामावर गेले, शायर, गुजरातेत गेले, आखातात गेले," तो म्हणाला. "मंडईले येता येत नाही त्याइले. रात्री कामावरून आले का तुमाले लावतात. मले फोन करतात, रडतात लेकाचे."

मी हे ऐकून फुगलो. खोटं कशाला बोलू? तिथंच उठून घरी आलो असतो तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. पण मी म्हणालो, लाव बरं एखादं. त्यानं लावलं. आणि माझ्या डफाच्या आधी, माझ्या पहिल्या थापेच्या आधी, दिनकरचा आवाज आला. "दिनकर मोबाईल, लाखनी, घेऊन येत आहे." प्रत्येक गाण्याच्या आधी तेच. त्यानं मोठ्या हौसेनं ते केलं होतं, मला आवडेल असं त्याला वाटलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

माझ्या गाण्याच्या पुढं उस्तादांशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव कधी लागलं नव्हतं. मी चहा अर्धा सोडून उठलो. तो मागून, "काय झालं, शायर? काही चुकलं का?" म्हणत एसटीपर्यंत आला. मी बोललो नाही. न बोलण्यात मी तेव्हा मोठा तरबेज होतो.

मी नागपूरच्या साहेबांना फोन लावला. ते तर वाटच पाहत होते असं मला नंतर वाटलं. दोन दिवसांत गाडी घेऊन आले. सोबत इंग्रजीत टाइप केलेले कागद. शेवंतानं त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठाचे आयते केले होते, पातळ, जाळीदार, तव्यावरून सरळ ताटात. साहेब खात होते आणि सांगत होते की हा चोर आहे, याला धडा शिकवला नाही तर उद्या तुमचं गाणं कोणीही आपल्या नावावर करेल, तुम्ही मूळ गायक, तुमची तक्रार पाहिजे. शेवंता तव्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "काहो, भाऊजीले तं बोलवा. तेही आहेत ना त्या गाण्यात." मोतीराम तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात होता, दोन शेतांवर, हाक दिली असती तर आला असता. मी म्हणालो, "सही माझी पाहिजे, त्याची नाही." आणि सही केली. लोक अंगठा देतात, मी सही करतो, त्याचा मला अभिमान. काय लिहिलं आहे ते न वाचता अभिमानानं सही केली.

मला वाटलं होतं, दिनकरला दम बसेल, तो ते आपलं नाव काढून टाकेल, येऊन माफी मागेल. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. झालं ते वेगळंच. दसऱ्यानंतर पोलीस त्याच्या दुकानात आले, संगणक उचलून नेला, त्यालाही नेलं. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. साहेबांच्या वकिलानं नेटवर गाणी ठेवणाऱ्या आणखी दोघा-तिघांना नोटिसा धाडल्या. पेपरात चार ओळी आल्या. आणि चार ओळींचं गावात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शायरानं केस केली इथून सुरू झालं आणि ज्याच्या मोबाईलमध्ये शायराचं गाणं सापडेल त्याला आत टाकणार इथपर्यंत आठवड्यात पोचलं.

लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी चालू होती. दरवर्षी कापणीच्या बाया कमरेला मोबाईल खोचून माझी गाणी लावायच्या, या बांधीतलं गाणं त्या बांधीत ऐकू यायचं. त्या वर्षी मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत गेलो की मोबाईल बंद होत. मी पुढं गेलो की मागं हिंदी सिनेमाचं गाणं सुरू. एकदा मी मुद्दाम मागं वळलो. एक बाई विळा तसाच हातात धरून म्हणाली, "तुमचं नाही जी लावलं. पाहा पायजे तं." आणि मोबाईल माझ्याकडं धरला. बाकीच्या खाली मान घालून हसत होत्या. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

आणि सीड्या. ज्या सीड्या मी स्वतः घरोघर दिल्या होत्या, पाहुण्यांना आहेर द्यावा तशा, त्या उशिरा येणाऱ्या भारी धानाच्या शेतात लटकल्या. पाखरं हुसकायला लोक जुन्या सीड्या दोरीला बांधतात, उन्हात चमकतात म्हणून. मोतीरामच्या आणि माझ्या सामाईक बांधीच्या पलीकडं, काशीबाईच्या शेतात, ओळीनं सहा-सात सीड्या. वाऱ्यानं गरगर फिरत होत्या. एकदा चमक, एकदा माझं तोंड. एकदा चमक, एकदा माझं तोंड. मोतीराम माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "पाखरं तं भेतात, दादा." मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसत नव्हता.

दिघोरीची मंडई दहा दिवसांवर होती. शेवंतानं एकदाच विषय काढला. लाखोळीची डाळ वाटत होती, वड्यांसाठी. पाटा-वरवंट्याचा आवाज चालू ठेवूनच म्हणाली, "मंडई होयेपर्यंत तरी केस वापस घ्या." मी म्हणालो, "चोर तो. मी कायले झुकू?" वरवंटा थांबला. "चोर कोण ते मले नाही समजत. पण तुमी गानार अन् कोणी म्हणनार नाही, तं डफ खाली ठेवान का तुमी?" मी म्हणालो, लोक म्हणतील. तीस वर्षं म्हणत आले. पेपरातल्या चार ओळींनी लोक गाणं विसरत नाहीत. हे मी तिला सांगितलं आणि त्या रात्रीपासून मला झोप लागेनाशी झाली.

मंडईच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. मी स्टेजमागं फेटा बांधत होतो आणि पडद्याच्या फटीतून पाहत होतो. जावई, सोयरे, शेजारच्या गावांचे लोक, सगळे. पाळणा फिरत होता, चिवड्याचा वास, फुगेवाल्याची पिपाणी. पुढं बायांच्या रांगेत काशीबाई मांडी घालून बसलेली, ओटीत सिंगाडे. आणि अगदी मागं, लिंबाच्या झाडाखाली, दिनकर. मोटारसायकलला टेकून, हाताची घडी घालून. दरवर्षी तो स्टेजच्या पायाशी, हात वर करून उभा असायचा. त्या वर्षी त्याच्या हातात मोबाईल नव्हता.

मोतीरामनं तुणतुणं लावलं. मला म्हणाला, "दादा, दुसरं काही धर पहिले. हे नको." मी म्हणालो, "हेच." मी स्टेजवर आलो, उस्तादांचं स्मरण केलं, डफ विस्तवावर शेकलेला होता, पहिली थाप कडक पडली. बोडीच्या पाळीवर थांब माझे बाई. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता, हे मी आजही सांगतो. धानाले निसवा आला, तुले कायची घाई. मोतीरामनं झील घेतली. लोक ऐकत होते. कोणी उठून गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. दुसरी झील. मोतीरामचा आवाज टोकाला किंचित चिरला. मी तिसऱ्यांदा ओळ म्हटली आणि डफ डोक्यावर धरला.

काही आलं नाही.

पाळणा करकरत होता, तो ऐकू आला. उसाच्या चरकाचा घुंगरू ऐकू आला. हजार माणसं माझ्याकडं पाहत होती आणि हजारांची तोंडं मिटलेली. हात वर, डफ वर. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग काशीबाई बोलली. मोठ्यानं नाही, आपल्या घरच्या ओट्यावरून बोलावं तसं. पण त्या शांततेत शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"हरी, म्हनू का गा बापा? का पहिले साहेबाले इचारा लागते?"

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हनू नको वो मावशे, वारंट येईल!" आणि मग हसू फुटलं. हसण्याचं मला काही नव्हतं, गमतीत हसूच पाहिजे. पण ते हसू पटकन थांबलं आणि पुन्हा सगळे माझ्याकडं पाहायला लागले. ते वाट पाहत होते. त्यांना गायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. काशीबाईचे ओठ मी पाहिले, ते हलत होते, आवाज तेवढा तिनं आत धरला होता. माझ्याकडून एक शब्द पाहिजे होता त्यांना. "म्हना" एवढाच. आणि मला तो बोलता आला नाही, कारण लिंबाखाली दिनकर उभा होता आणि तो शब्द त्यालाही ऐकू गेला असता.

माझ्यामागं मोतीरामनं तिसरी झील घेतली. त्याची नव्हती, तरी घेतली. एकट्यानं, मला वाचवायला, काचेच्या खोलीत घेतली होती तशी. "तुले कायची घाई." एकाच माणसाचा आवाज. तिथं चार वेळा लावून त्याचं गाव करता आलं होतं, इथं खरं गाव समोर बसलेलं होतं. मी डफ खाली ठेवला.

आज या वयात लोक मला विचारतात की सगळ्यात मोठी मंडई कोणती झाली. मी दुसऱ्याच गावाचं नाव सांगतो.

घरी पाहुणे होते, त्यामुळं बोलता येत नव्हतं. शेवंतानं ताटं वाढली. वाळलेले झिंगे घातलेली वांग्याची भाजी, भात, लाखोळीचे वडे. जावई खाली मान घालून जेवत होते. सूर्य बुडायला आला होता आणि अंगणात रचलेल्या धानाच्या पुंजण्यांची, म्हणजे गंजींची, सावली भिंतीवर चढली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. परवा जबाब द्यायला यायचं, वकील काय बोलायचं ते सांगतील, आता माघार घेऊ नका, घेतलीत तर आपण केलेला करार मोडला असं होईल, पुढची सीडी विसरा, आणि कंपनीला तुमच्यावरही विचार करावा लागेल. मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. फोनचा आवाज मोठा, शेजारी जेवत असलेल्या मोतीरामनं सगळं ऐकलं होतं. त्यानं हात धुतला नव्हता, उष्ट्या हातानंच बसून होता.

"दादा, एक इचारू?"

"इचार."

"दिनकरनं आपलं नाव गाण्याच्या पुढं लावलं म्हनून तुले राग आला. बरोबर?"

"मग? येनार नाही?"

"मंग माहं नाव सीडीच्या मागं बारीक लावलं, तं मले राग आला असन का नाही?"

मी ताटातला वडा उगाच मोडत राहिलो.

"ओळ तुही हाय. झील माही हाय. तिसरी लोकाईची हाय. तीस वर्षं असंच चाललं. सही करताना तू एकटा कसा झाला?" तो उठला. "जबाब द्याले जाशीन तं जा. पन त्याइले सांगजो, झीलकऱ्यानं तक्रार केली नाही म्हनून." आणि तो आपल्या घरात गेला. आमची घरं एकाच अंगणात. पंचवीस वर्षांत त्यानं ते मधलं दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी लावलं. कडीचा आवाज मला आजही ओळखता येईल.

शेवंता माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही पण बोलेल. ती म्हणाली, "डफ स्टेजवरच राहिला तुमचा. काशीबाईनं आनून देला. ओट्यावर ठेवला आहे." एवढंच. मी ओट्यावर गेलो. डफ फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडक्यात चार सिंगाडे होते.

त्या म्हातारीनं ते सिंगाडे काय म्हणून ठेवले होते, ते मी तिला ती मरेपर्यंत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालांदूरवरून जाणाऱ्या पहिल्या एसटीनं मी लाखनीला गेलो. डफ सोबत होता. थंडी होती. ठाण्यात गेलो आणि सांगितलं, माझी सही मला वापस पाहिजे. तिथला हवालदार भला माणूस होता. त्यानं समजावलं की सही अशी वापस मिळत नसते, अर्ज द्यावा लागतो, आणि तुम्ही अर्ज दिला तरी कंपनीची तक्रार कंपनीची, ती चालायची तर चालेल, संगणकही लगेच सुटायचा नाही. मी म्हणालो, कागद द्या. चौथीपर्यंतच्या अक्षरात मी लिहिलं की माझी तक्रार नाही. पुढं काय लिहायचं सुचलं नाही, म्हणून पुन्हा एकदा लिहिलं, माझी तक्रार नाही. हवालदार म्हणाला, एकदा बस झालं, शायर. मी सही केली, ती मात्र वाचून.

दिनकरचं शटर अर्धं वर होतं. तो आत बसला होता, रिकाम्या टेबलापुढं, जिथं संगणक होता तिथं चौकोनी जागा तेवढी धुळीवाचून स्वच्छ होती. मला पाहिलं. उठला नाही, पाया पडला नाही.

"काय पायजे?"

"चिप भरून पायजे."

"गाने नाहीत माह्यापाशी. सारे नेले." त्यानं टेबलाकडं हात केला. "तुमचे सात वर्षाचे होते त्याच्यात."

माफीचे शब्द मी एसटीत जुळवले होते. ते तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले. मी तसलाच माणूस आहे, त्याला माझा इलाज नाही. मी शटरखालून वाकून आत गेलो, फडकं सोडलं आणि डफ काढला. म्हणालो, "माह्यापाशी आहेत. मोबाईल काढ."

त्यानं टेबलावरची धूळ हातानं पुसली. मग खिशातून मोबाईल काढला, टेबलावर माझ्याकडं तोंड करून ठेवला, आणि विचारलं, "पुढं कोनाचं नाव लावू?"

"मोतीरामचं लाव," मी म्हणालो. "मंग माहं. तुहं शेवटी लावजो, मोठ्या आवाजात."

थंडीनं डफ उतरला होता, थाप बसकी पडली. बोडीच्या पाळीवर थांब माझे बाई. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, चहावाला स्टोव्हला हवा मारत होता. झील घ्यायला मागं कोणी नव्हतं, ती मीच घेतली, पहिली आणि दुसरी, मोतीरामसारखी वर नेता येईना तरी घेतली. तिसऱ्या वेळेला डफ डोक्यावर धरला आणि तोंड मिटलं. दिनकर मोबाईलकडं पाहत होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

उस्तादांचा नियम मला पाठ होता. मी डफ खाली ठेवला नाही. "म्हन बाबा," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं.